काल्याझिन: निकितिनच्या वाटेवरचं व्होल्गाकाठचं गाव

रेवदंड्याला अफानासी निकितिनचं स्मारक आहे. १५व्या शतकात त्वेरहून निघालेला हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि पावसाळा त्यानं जुन्नरला काढला. तिथल्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला होता! हाच निकितिन निघाल्यावर सुरुवातीलाच काल्याझिनला थांबला आणि मठाधिपती माकारीचा आशीर्वाद घेऊन पुढे गेला. मॉस्कोला जाणं झालं, तेव्हा हे गाव बघायचंच असं ठरवलं होतं.

तो मठ आता नाही. व्होल्गावरच्या उग्लिच या शहराजवळच्या धरणासाठी १९३९-४० मध्ये पाणी अडवलं, त्यात जुन्या गावाचा मोठा भाग गेला. धरणाचं काम व्होल्गोलाग या सोव्हिएत श्रमछावणीतल्या कैद्यांनी केलं. लोकांनी लाकडी घरांचे ओंडके सुटे करून उंचावर नेले आणि तिथे पुन्हा घरं उभी केली. सेंट निकोलसचं चर्च पाडलं, पण त्याचा १८०० साली पुरा झालेला, साडेचौऱ्याहत्तर मीटर उंच घंटामनोरा तेवढा राहिला. पॅराशूटच्या सरावासाठी ठेवला असं सांगतात. पुढे बोटवाल्यांना वळणाची खूण म्हणून तो उपयोगी पडला. आज तो पाण्यातून पाच मजले वर आलेला दिसतो. पायाशी भराव घालून केलेलं चिमुकलं बेट आहे आणि त्याच्या काठाला होड्या लागतात.

बहुतेक मंडळी मनोऱ्याचा फोटो काढून लगेच उग्लिचकडे पळतात. माझं मत उलटं आहे. आधी एपिफनी चर्चमधलं संग्रहालय बघा, मग काठावर जा. बुडालं काय ते कळलं नाही, तर मनोरा नुसता शोभेचा वाटतो. मठाची भित्तिचित्रं पाडापाडीआधी उतरवून घेतली होती, त्यांतली काही मॉस्कोच्या श्चुसेव वास्तुकला संग्रहालयात आहेत. वेळ असेल तर तीही बघा. १६०९ मध्ये रशियन सेनापती स्कोपिन-शुइस्कीनं पोलिश-लिथुआनियन फौजेला हरवलं, तेही इथेच.

मॉस्कोपासून अंतर साधारण दोनशे किलोमीटर. रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. आपली व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं तिथे चालत नाहीत, तेव्हा रोख रूबल जवळ हवेतच. होडीचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि मनोऱ्याला फेरी मारणार की बेटावर उतरवणार, तेही विचारून घ्या. हिवाळ्यात लोक बर्फावरून चालत जातात. स्थानिक माणूस सोबत नसेल तर तो मोह टाळा, मार्चमध्ये तर नकोच. शाकाहारी असाल तर 'बेझ म्यासा' (मांसाशिवाय) एवढं पाठ करा. कोबीचे पिरोझकी (सारण भरलेले छोटे पाव) आणि ग्रेचका (शिजवलेला कुट्टू) यावर दिवस सहज निघतो. मासे खाणाऱ्यांना धुरी दिलेले मासे मिळतात. ते कागदात गुंडाळून देतात, पण वास बॅगेत मुरतो, म्हणून वेगळी पिशवी ठेवा.