कवेलूंचे घर आणि बुकचोनच्या गल्ल्या

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांनी बांधलेले सागवानी खांबांचे, कवेलूंचे घर अजून उभे आहे आणि ते पाडून तिथे स्लॅब टाकावा का, यावर आम्हा भावांमध्ये दोन वर्षांपासून बोलणे चालू आहे. भाच्याकडे दक्षिण कोरियातील सोलला पंधरा दिवस राहण्याचा योग आला तेव्हाही मनात तेच घर होते. त्यामुळेच तिथल्या टोलेजंग इमारतींपेक्षा बुकचोनच्या चढाच्या गल्ल्यांकडे माझे पाय वारंवार वळले.

ग्योंगबोकगुंग आणि चांगदोकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधल्या या भागात पूर्वी दरबारी उमराव राहत. तिथली हानोक, म्हणजे कोरियन पद्धतीची लाकडी कौलारू घरे, त्याच काळातील असावीत अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक १९२० आणि १९३०च्या दशकांतील आहेत. जपानी राजवटीत जपान्यांची वस्ती शहराच्या या बाजूला सरकू लागली, तेव्हा चोंग से-ग्वोन या बांधकाम व्यावसायिकाने मोठमोठ्या जागा घेऊन त्यांचे लहान तुकडे पाडले आणि त्यांवर कोरियन कुटुंबांसाठी आटोपशीर हानोक बांधली. मधले अंगण त्यांनी राखले, पण काचेची दारे, विटा आणि पत्र्याच्या पन्हाळी बिनदिक्कत वापरल्या. याच गृहस्थांनी १९३५ मध्ये कोरियन भाषेसाठी झटणाऱ्या संस्थेला इमारत दिली, हे कळल्यावर त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला.

एका हानोकमध्ये आम्ही चहा घेतला. जोडे काढून आत पाऊल टाकले तर तेलकागदाची पिवळसर जमीन तळपायाला कोमट लागली. पूर्वी स्वयंपाकघरातील चुलीची धग आणि धूर जमिनीखालच्या दगडी फरश्यांखालून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडत; आता तिथे गरम पाण्याच्या नळ्या आहेत. शेजारीच लाकडी फळ्यांची, खालून वारा खेळणारी मोकळी जागा होती, जिला ते मारू म्हणतात. उन्हाळ्यात घरातली माणसे तिथे बसतात, हे ऐकून मला आमची ओसरी आणि तिथे दुपारी तूर निवडणारी आई आठवली.

सोलमधलीच हानोकांची दुसरी वस्ती, इकसोन-दोंग, मात्र मला फारशी भावली नाही, कारण तिथल्या कित्येक अंगणांवर काच घालून कॅफे थाटलेले आहेत आणि घरात राहणारे माणूस क्वचितच दिसते. बुकचोनमध्ये माणसे अजून राहतात. गर्दीने ती इतकी त्रासली की नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या सर्वांत गजबजलेल्या भागात पर्यटकांना सकाळी दहा ते सायंकाळी पाच एवढ्याच वेळात प्रवेश आहे. हा निर्णय मला मनापासून पटला.

परतल्यावर धाकट्या भावाला घेऊन मी आमच्या घराचा एकेक खांब ठोकून पाहिला. मागच्या दोन खांबांना वाळवी लागली आहे, बाकीचे शाबूत आहेत. परसाच्या बाजूला पक्के न्हाणीघर आणि संडास बांधायचा, स्वयंपाकघरात ओटा घालायचा, ओसरीला हात लावायचा नाही, असे आता ठरते आहे. मृगाच्या आधी कवेलू फेरून घेण्यासाठी माणसेही सांगून ठेवली आहेत.