ग्रेडेड ब्रोमाइड पेपरवर: आयर्विन पूल आणि तानपुऱ्याचा भोपळा

फोटो छापायला मल्टिग्रेड पेपर घरात असताना ग्रेडेडच्या वाटेला कशाला गेलीस, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी डार्करूम, म्हणजे फिल्मवरून फोटो छापायची अंधारी खोली, पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. एकच निगेटिव्ह सॉफ्ट पेपरवर छापली तर काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या छटांची लांबलचक रांग मिळते. तीच हार्ड पेपरवर छापली की मधल्या छटा कमी होतात, काळं पटकन काळं होतं आणि पांढरं पटकन पांढरं. पेपरचा हा स्वभाव, म्हणजे ग्रेड, कारखान्यातच ठरवून त्याला नंबर द्यायचे, तोच ग्रेडेड पेपर. शून्य-एक म्हणजे सॉफ्ट, दोन म्हणजे नॉर्मल, आणि पुढे चार-पाचपर्यंत हार्ड. मल्टिग्रेडमध्ये हा स्वभाव पाकिटात बंद नसतो. त्याच्या इमल्शनचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराचा, एक भाग निळ्या प्रकाशाला आणि दुसरा हिरव्यालाही दाद देतो, त्यामुळे एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्रात) पिवळा फिल्टर घातला की तो सॉफ्ट होतो आणि मजेंटा घातला की हार्ड. इलफर्डने हा पेपर १९४० साली आणला. तरी आपल्याकडच्या स्टुडिओंत त्यानंतर कित्येक वर्षं नंबरांची पाकिटंच चालली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' पेपर जुन्या फोटोग्राफर मंडळींना आठवत असेल. कोडॅकने तर २००५ मध्ये ब्लॅक अँड व्हाइट पेपर बनवणंच थांबवलं. आज ताजा ग्रेडेड पेपर बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत.

माझ्याकडे तो दोन वाटांनी आला. मिरजेतला एक जुना स्टुडिओ आवरायला काढला होता. तिथल्या काकांनी कपाटातली उरलेली पाकिटं माझ्या हवाली केली. इंदूचा तीन नंबर होता, आगफाचा थोडा ब्रोविरा होता, सगळा सिंगल वेट, म्हणजे पातळ कागदाचा. "ताई, पेपर निगेटिव्ह बघून काढायचा. आधी पेपर घेऊन मग निगेटिव्ह शोधत बसायचं नसतं," असं ते म्हणाले. त्यांच्याकडे निगेटिव्हच्या प्रत्येक पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर घातलेला असायचा. लग्नातली फ्लॅशची निगेटिव्ह असेल तर दोन, ढगाळ दिवशी अंगणात काढलेला ग्रुप फोटो असेल तर तीन. गिऱ्हाईक दहा वर्षांनी कॉपी मागायला आलं तरी परत विचार करायला नको. दुसरी वाट म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या फोमाचा फोमाब्रोम, नॉर्मल ग्रेडचा. तो मुंबईहून कुरियरने मागवला.

जुन्या पेपरची परीक्षा सोपी आहे आणि ती केल्याशिवाय त्यावर वेळ घालवू नये. सेफलाइटमध्ये, म्हणजे पेपरला न बिघडवणाऱ्या मंद दिव्यात, एक पट्टी कापायची आणि तिचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा थेट हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, टाकायचा. दुसरा प्रकाश न दाखवता दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) ठेवून मग हायपोत. धुऊन दोन्ही शेजारी ठेवले की दुसरा जितका करडा दिसेल तितका त्या पेपरला फॉग आहे. इंदूचा तुकडा राखेच्या रंगाचा निघाला. डेव्हलपरमध्ये लिटरला दहा मिली एक टक्का बेन्झोट्रायाझोल हे फॉग दाबणारं रसायन घातल्यावर तो पुष्कळ निवळला, पण त्याचं तीन नंबरपण काही परत आलं नाही. वय झालेल्या पेपरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, उतरतोच. ब्रोविरा मात्र कडेची बोटभर पट्टी सोडली तर स्वच्छ होता, आणि त्यातलं एक पाकीट चक्क तीन नंबरचं होतं. मला फार आनंद झाला.

डेव्हलपर मी घरीच बनवते, डी-७२ नावाच्या कृतीचा. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे वजनकाटा आणि बाटल्यांची सवय आहे. लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, मोनोहायड्रेट सोडियम कार्बोनेट ८० आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. वापरताना एकास दोन पाणी. छपाईचे दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी. त्या दिवसांत सांगलीत विश्रामबागेत पहाटे नळाचं पाणी वीस अंशांच्या जवळपास येतं आणि बर्फाच्या पिशव्यांचा खटाटोप वाचतो. एप्रिलमध्ये ट्रेमधलं पाणी तीस अंशांवर जातं, तेव्हा मी छापत नाही.

पहिली निगेटिव्ह सांगलीच्या आयर्विन पुलाची. पाऊस नुकताच थांबलेला, कृष्णेचं पाणी वर चढलेलं, आकाश आणि नदी एकाच करड्या रंगाचे. १९२९ मध्ये खुला झालेल्या त्या पुलाच्या दगडी कमानी सोडल्या तर चौकटीत काळं काहीच नाही. अशा निगेटिव्हला आमच्याकडे भकास म्हणतात. मल्टिग्रेडवर मी ती साडेतीनच्या फिल्टरने छापली होती आणि प्रिंट बरी होती. ब्रोविराच्या तीन नंबरवर ती उभी राहिली. कमानीच्या खालच्या दगडांचे सांधे, त्यांत अडकलेलं गवत, पुलावरून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या टोपीची कड, हे सगळं वेगवेगळं दिसायला लागलं. आणि तरीही नदीचा गढूळ मऊपणा गेला नाही. फिल्टरच्या साडेतीनमध्ये पाणी थोडं पत्र्यासारखं झालं होतं. उजळ ते गडद छटा चढत जाण्याच्या दोन पेपरांच्या वळणातला हा फरक आहे, ग्रेडचा आकडा कितीही सारखा असो. ग्रेडेड पेपर मुळात चांगला आणि मल्टिग्रेड हलका असं काही लोक बोलतात, ते मला पटत नाही. या निगेटिव्हला हा पेपर मानवला, इतकंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. मल्टिग्रेडचे फिल्टर साडेतीनपर्यंत पेपरवर प्रकाश द्यायच्या एकाच वेळेत बसतात, चार-पाचला वेळ दुप्पट होतो, म्हणून हिशोब सोपा असतो. ग्रेडेडमध्ये दोनवरून तीनवर गेलात की पेपरचा वेगही बदलतो, कंपनी बदलली तर आणखीनच. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळ्या वेळा देऊन बघायची पट्टी, पुन्हा पहिल्यापासून करायची. मी लेन्सच्या एफ आठ छिद्रावर तीन-तीन सेकंदांच्या पायऱ्या घेते आणि पट्टी नेहमी निगेटिव्हच्या सगळ्यात महत्त्वाच्या उजळ भागावर ठेवते. उजळ भागावरून वेळ ठरवायचा, काळ्यावरून पेपर ठरवायचा.

दुसरी निगेटिव्ह मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली, आणि खरा कस तिथेच लागला. एका बाजूला खिडकी, तिच्या उजेडात चपड्याचं पॉलिश चढवलेला तानपुऱ्याचा भोपळा, त्यावर कारागिराचा हात. मागे अंधारात भिंतीला टांगलेले कच्चे भोपळे, अजून न कापलेले, धूळ बसलेले. चकाकत्या भोपळ्यापासून त्या अंधारापर्यंतचं अंतर नॉर्मल पेपरला झेपणारं नव्हतं. शिवाय माझा एन्लार्जर कंडेन्सरचा, म्हणजे भिंगातून थेट प्रकाश टाकणारा. उजेड पसरवणाऱ्या डिफ्यूझरच्या तुलनेत तो निगेटिव्ह जवळपास एक ग्रेड हार्ड करून दाखवतो. भोपळ्याची चकाकी जपली तर मागचे भोपळे अंधारात बुडत. ते वर काढायला वेळ कमी केला तर हाताची कातडी खडूसारखी पांढरी पडे. मल्टिग्रेड असता तर मी पिवळा फिल्टर घालून मोकळी झाले असते.

इथे केमिस्ट्री कामाला आली. मेटॉल लवकर कामाला लागतं आणि सगळ्या छटा हळुवार वर आणतं. गडद काळं भरायचं काम हायड्रोक्विनोन मेटॉलच्या जोडीने करतं. म्हणून एका ट्रेमध्ये फक्त मेटॉलचा डेव्हलपर ठेवला: मेटॉल, सल्फाइट, कार्बोनेट, थोडं ब्रोमाइड, हायड्रोक्विनोन अजिबात नाही. शेजारच्या ट्रेमध्ये नेहमीचा डी-७२. प्रिंट पहिल्या ट्रेमध्ये दीड मिनिट, मग दुसऱ्यात पाऊण मिनिट. पहिल्या ट्रेमध्ये चित्र फिकट पण पूर्ण येतं. कारागिराच्या नखाखालची पॉलिशची रेघसुद्धा दिसते, पण काळं मात्र शिसपेन्सिलीचं. दुसऱ्या ट्रेमध्ये गेल्यावर मागची भिंत भरायला लागते आणि तुम्ही बघत राहता. कुठे थांबायचं हे घड्याळापेक्षा डोळ्यानेच ठरतं. ग्रेडेड पेपर फक्त निळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळे अंबर सेफलाइट मल्टिग्रेडपेक्षा जरा जास्त उजेडाचा ठेवता येतो, आणि हे बघत राहणं जमतं. आधी नाण्याची परीक्षा तेवढी करून घ्यावी. हलका करडा येईल इतका प्रकाश दिलेल्या पेपरवर नाणं ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटं सोडायचं. डेव्हलप केल्यावर नाण्याचा गोल दिसला नाही तर उजेड सुरक्षित.

दोन ट्रेंनी मला अंदाजे अर्ध्या-पाऊण ग्रेडची सूट मिळाली. त्याहून जास्त मिळेल अशी आशा धरू नये. उरलेलं हाताने केलं. काडीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीने मागच्या भोपळ्यांवरचा प्रकाश थोडा अडवला आणि खिडकीच्या कडेला जास्त वेळ प्रकाश देऊन ती जाळली. फायबर पेपर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला साधा कागदी पेपर, सुकल्यावर गडद होतो, म्हणून ओल्या प्रिंटमध्ये उजळ भाग किंचित जास्तच उजळ ठेवावा लागतो. धुणं तासभर, त्याआधी दोन टक्के सल्फाइटमधून काढलं तर पाणी वाचतं. मच्छरदाणीची जाळी ताणलेल्या चौकटींवर प्रिंट पालथ्या सुकवते. गुंडाळी होते ती जड पुस्तकांखाली दोन दिवसांत बसते.

पण या सगळ्याचा मोठा परिणाम कागदावर झालाच नाही, तो फिल्मवर झाला. मल्टिग्रेड वापरताना निगेटिव्ह कशीही आली तरी फिल्टरने सावरता येते, हा विश्वास असतो. त्यामुळे फिल्म डेव्हलप करताना मी डब्यावर छापलेली वेळ पाळायची आणि पुढे बघून घ्यायची. आता माझ्यासमोर नॉर्मल ग्रेडचं एकच पाकीट आहे आणि कंडेन्सरचा एन्लार्जर आहे. निगेटिव्ह त्या दोघांना जुळेल अशी बनवायला हवी. उन्हाळ्यातल्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या ढिगांचे रोल मी आता नेहमीपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी वेळ डेव्हलप करते आणि एक्सपोजर, म्हणजे फिल्मला मिळणारा प्रकाश, अर्धा स्टॉप जास्त देते, म्हणजे सावलीतला तपशील हातचा जात नाही. पावसाळी रोल उलट थोडा जास्त वेळ. रोलवर दोन्ही प्रकारचा उजेड मिसळायचा नाही, हे पथ्य त्यातूनच आलं. म्हणून नवीन शिकणाऱ्याला मी सुरुवात एकाच ग्रेडवर करायला सांगेन, निदान पहिलं पाकीट संपेपर्यंत. मल्टिग्रेड नंतर घ्या आणि मनसोक्त वापरा. एकाच प्रिंटला सॉफ्ट आणि हार्ड फिल्टर आळीपाळीने लावायची स्प्लिट ग्रेडची छपाई तर त्याशिवाय होतच नाही.

ब्रोविरा संपत आलाय आणि तो परत मिळायचा नाही, म्हणून उरलेल्या पानांवर फक्त पुराच्या आणि पावसाच्या निगेटिव्ह छापणार. इंदूची फॉगवाली पाकिटं मुलांना कॅमेऱ्याशिवाय, वस्तू थेट पेपरवर ठेवून करायचे फोटोग्रॅम करायला कॉलेजच्या लॅबमध्ये नेते आहे. पिंपळाची पानं आणि चाळणी ठेवून ती छान येतात. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात कुणाकडे जुनी ग्रेडेड पाकिटं पडून असतील तर ती उघडून बघू नका, तशीच कळवा. आणि छापून बघायचं असेल तर जानेवारी संपायच्या आत एखादी निगेटिव्ह घेऊन या, फोमाब्रोमची पानं आहेत माझ्याकडे.