कंबरेला कुणी विचारलं नाही

पहाटेचे सव्वातीन. बैठ्या डब्यातल्या खिडकीच्या सीटवर गेल्या सात तासांत बसण्याचे जेवढे प्रकार असतात तेवढे सगळे करून झाले आहेत. ताठ बसून झालं, घसरून बसून झालं, एक पाय दुसऱ्याखाली घेऊन झालं, खिडकीच्या काचेला डोकं टेकून झालं. काचेला डोकं टेकलं की चाकांतून निघालेली थरथर थेट दाढेपर्यंत येते. मग जाकीट गुंडाळून मानेखाली घेतलं. ते दर दहा मिनिटांनी घसरतं, आणि उचलायला वाकावं तर पुढच्या सीटची पाठ कपाळाला लागते. पाय पसरावेत तर पुढच्या सीटखाली कुणाची तरी बॅग कोंबलेली. डोक्यावरच्या दिव्याला विझणं माहीत नाही. शेजारचे गृहस्थ गाडी सुटल्यावर अर्ध्या तासात झोपले, ते कलत कलत आता माझ्या खांद्यावर येऊन स्थिरावले आहेत.

सीटला टेकायला पाठ आहे, नाही असं नाही. पण कंबर जिथे आत जाते तिथे तीही आत जाते आणि मान जिथे विसावू बघते तिथे तिला नेमकं टेंगूळ आलेलं आहे. ज्यानं कुणी ही सीट आखली त्याच्या डोळ्यांपुढे माणूस होता, यात शंका नाही. फक्त तो बहुधा उभा होता.

अशा रात्री मी याहून वाईट गाड्या आठवत बसतो. दुसऱ्याचं दुःख आठवलं की आपलं हलकं होतं म्हणतात. कंबरेला ते लागू नाही, पण वेळ जातो.

पहिला मान ब्रिटनच्या पेसरचा. 1980च्या आसपास ब्रिटिश रेल्वेच्या छोट्या मार्गांवरच्या डिझेल गाड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की लेलँडची बस तयार आहेच, तिचेच भाग वापरून डबा करू आणि तो मालडब्याच्या धर्तीच्या चारचाकी सांगाड्यावर बसवू. तसं केलं. तिजोरीतला खडखडाट तिथून रुळांवर आला.

साध्या प्रवासी डब्याखाली दोन बोगी असतात (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण इथे बोगी म्हणजे डब्याखालचा, वळू शकणारा चाकांचा सांगाडा), एकेका बोगीला चार चाकं. चाकांच्या आसापाशी एक स्प्रिंग, बोगी आणि डबा यांच्यामध्ये दुसरी. रुळाच्या सांध्यावरून गेल्यावर जो धक्का निघतो तो या दोन चाळण्यांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. वळण आलं की बोगी डब्याखाली स्वतःपुरती वळते आणि डबा निवांत मागून जातो. पेसरला बोगीच नव्हती. दोन आस, त्यांच्यात लांबलचक अंतर आणि वर बस. त्यामुळे सरळ रुळावर ती मान हलवत चालायची (लोकांनी तिचं नाव ‘मान हलवणारं गाढव’ पाडलं होतं) आणि वळणावर चाकं रुळाला घासून अशी किंकाळी उठायची की डब्यातलं बोलणं थांबायचं. आत बसचीच बाकडी.

यात शरीरशास्त्राचीही एक खोच आहे. बसलेल्या माणसाला खालीवर होणारी सगळीच थरथर सारखी जाचत नाही. सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणारी सर्वांत जास्त जाचते, कारण आपला धड नावाचा डोलारा त्याच तालात हलायला उत्सुक असतो. त्याहून जलद थरथर झाली तर ती बरीचशी सीट आणि आपलं मांस पिऊन टाकतं. म्हणजे गाडी किती हलते यापेक्षा कुठल्या तालात हलते हे कंबरेला जास्त कळतं. माझ्या मते गाडी विकत घेणाऱ्यांच्या समितीत एक कंबर दुखणारा माणूस सक्तीनं नेमावा. त्याला मताधिकार नसला तरी चालेल, नुसता चेहरा बघितला तरी पुरे.

पेसर जास्तीत जास्त 20 वर्षं चालवायची, असं बांधतानाच ठरलं होतं. शेवटची 2021मध्ये थांबली, आणि तीही कुणाला प्रवाशांच्या हाडांची दया आली म्हणून नव्हे. अपंग प्रवाशांना चढता-वावरता आलं पाहिजे, असा नियम आला आणि त्यात ती बसली नाही. निवृत्तीनंतर एक डबा शाळेत वर्ग म्हणून गेला आणि एक इस्पितळाच्या आवारात. इस्पितळाचं वाचून मला बरं वाटलं. कुठे तरी हिशेब जुळला.

आराम देण्याचा अट्टहास केला तर काय होतं, याचाही धडा त्याच देशात आहे. 1981च्या डिसेंबरात त्यांनी एपीटी नावाची झुकणारी गाडी प्रवाशांसाठी काढली. वेगात वळण घेताना माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. म्हणून डब्यानंच आतल्या बाजूला झुकायचं, 9 अंशांपर्यंत. कल्पना झकास. पहिल्याच दिवसांत पत्रकारांना बसवलं आणि त्यांतल्या काहींना मळमळू लागलं. आदल्या रात्रीच्या पाहुणचाराचा तो परिणाम, असंही रेल्वेवाले म्हणत. पण खरं कारण फार मजेशीर निघालं: गाडी अगदी अचूक झुकत होती. वळणाचा सगळा जोर ती स्वतः पिऊन टाकायची. कानातल्या तोलाच्या यंत्राला वाटायचं आपण सरळ चाललोय आणि डोळ्यांना खिडकीबाहेर क्षितिज एका बाजूला वर चढताना दिसायचं. डोळे एक सांगतात, कान दुसरंच सांगतात, आणि भांडण सोडवायला पोट पुढे होतं. पुढे इंजिनिअरांनी उपाय काढला तो असा की गाडीनं मुद्दाम थोडं कमी झुकायचं. वळण आल्याचं माणसाला किंचित जाणवू द्यायचं.

गर्दीच्या गाड्यांचा विषय काढला की जो तो आपापल्या शहराची फुशारकी मारतो. मुंबईच्या लोकलसाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे चौरस मीटरला 14 ते 16 उभी माणसं. एका चौरस मीटरवर मी एकटा झोपलो तरी पाय बाहेर येतात. पण मला खरी भुरळ घातली ती जपानी मोजमापानं. तिथे गर्दी टक्क्यांत मोजतात आणि टक्का कसा ओळखायचा हे वर्तमानपत्रावरून सांगतात. 100 टक्के म्हणजे सगळे बसलेत किंवा कशाला तरी धरून नीट उभे आहेत. 150ला पेपर उघडून वाचता येतो. 180ला घडी घालून. 200ला अंगाला अंग दाबलं जातं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. 250ला हातच हलत नाही. हे ठरवणाऱ्या बाबूनं 200 टक्क्यांत उभं राहून साप्ताहिक वाचून पाहिलं असणार, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. त्याच टोकियोत 1991पासून यामानोते मार्गावर सहा-सहा दारांचे डबे आले. सकाळच्या गर्दीत त्यांतल्या सगळ्या सीट दुमडून कुलूपबंद असायच्या आणि 10 वाजल्यानंतर उघडायच्या. सीट आहे, दिसते आहे, पण तिला ऑफिसची वेळ आहे.

लंडनच्या पाताळातल्या गाड्यांचं दुखणं वेगळंच, तिथे उकडतं. 1900च्या सुमाराला त्या बोगद्यांभोवतालची चिकणमाती सुमारे 14 अंशांवर होती आणि उन्हाळ्यात थंडावा मिळेल अशी बोगद्यातल्या प्रवासाची जाहिरात व्हायची. शंभर वर्षं ब्रेक लावून लावून, मोटारी चालवून चालवून ती मातीच तापली. आता गाडीला थंड करायचं तर आतली उष्णता बाहेर टाकायला हवी, आणि बाहेर बोगद्याला गाडी घासू घासू चाललेली. त्या गाड्यांची थोरली बहीण 1890ची. बोगद्यात बघण्यासारखं काय असतं, असा बिनतोड युक्तिवाद करून तिच्या डब्यांना खिडक्या जवळजवळ ठेवल्याच नव्हत्या. भिंतीला वरपर्यंत गादी आणि माथ्याशी काचेची बारीक पट्टी. वेड्यांना ठेवतात तशी गादीची कोठडी, असं नाव तिला पडलं. स्टेशन कुठलं आलं ते डब्याच्या टोकाला उभा असलेला माणूस ओरडून सांगायचा. त्याची काळजी मला प्रवाशांहून जास्त वाटते.

या सगळ्यांना खाली बसवेल अशी गाडी मॉरिटानियात आहे. झुएरातच्या खाणींतून नुआदिबूच्या बंदरापर्यंत 704 किलोमीटर, सगळं सहारातून. 1963 पासून लोहखनिज वाहते. गाडीची लांबी अडीच किलोमीटरपर्यंत जाते. लोक खनिजाच्या ढिगावर बसून प्रवास करत आले आहेत, बकऱ्यांसकट. दिवसा ऊन, रात्री हाडं गोठवणारा वारा, आणि इंजिन सुरू होताना डब्यांच्या जोडण्यांतून एकामागून एक येत जाणारा हिसका. तोंडावर फडकं गुंडाळलं तरी लोखंडाची भुकटी दातांत करकरते. आश्चर्य म्हणजे ती मला या यादीत फार खटकत नाही. ती मालगाडी आहे, प्रवाशाला बसवायला निघालेलीच नाही. तिच्यावर कंबर रागावणार कशी?

खटकतो तो आखून दिलेला त्रास. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्गाचे प्रवासी उघड्या डब्यांत बसत. 24 डिसेंबर 1841ला सॉनिंगच्या खिंडीत पावसानं दरड कोसळली आणि ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीची गाडी तिच्यावर आदळली. प्रवाशांचे उघडे डबे पुढे, मागे अवजड माल. डब्यांच्या कडा जेमतेम 2 फूट उंच. नऊ माणसं गेली. त्या डब्यांत लंडनच्या नव्या संसदभवनाच्या बांधकामावरचे मजूर होते. 1844मध्ये त्याच संसदेनं कायदा केला: रोज निदान एक गाडी अशी हवी की गरिबालाही तिच्यात बसायला जागा मिळेल आणि ऊनपाऊस लागणार नाही.

आता विचारावंसं वाटतं, एक छप्पर घालायला कायदा का लागावा? फळ्या आणि चार खांब. याचं उत्तर 1849मध्ये ज्यूल द्युप्वी या फ्रेंच इंजिनिअरनं देऊन ठेवलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिसऱ्या वर्गाला छप्पर नाही ते छपराला पैसे पडतात म्हणून नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्याला झेपतं त्यानं तिसऱ्यात बसू नये म्हणून. मार बसतो गरिबाला, पण तो त्याच्यावर राग आहे म्हणून नव्हे. श्रीमंताला धाक बसावा म्हणून.

हे वाचल्यापासून कुठल्याही सीटवर बसलो की मी आधी ती संशयानं बघतो. ही कडक का आहे? आग लागली तर पेटू नये म्हणून फोम पातळ केला असेल, तर ठीक. चार माणसं जास्त मावावीत म्हणून असेल, तर तेही एकवेळ ठीक. ब्रिटनमध्ये अलीकडच्या गाड्यांतल्या सीटना लोक इस्त्रीचं टेबल म्हणतात, तिथे या दोन्ही कारणांची सरमिसळ असावी. पण टेंगूळ? टेंगळाला आग विझवता येत नाही आणि माणूसही जास्त मावत नाही.

पुढच्याच डब्यात शयनयान आहे. आडवं होता येतं. तिकीट काढताना मी पाच वेळा विचार करून हे बैठं तिकीट घेतलं आणि आता सव्वातीन वाजता सहाव्यांदा करतो आहे. द्युप्वी हसत असेल. पुढच्या वेळी मी आडवं होण्याचे पैसे मोजणार, हे त्या टेंगळाला माझ्याआधी कळलेलं आहे.

चार वाजले. गाडी कुठल्याशा सिग्नलला उभी राहिली आणि तेवढ्यात डब्यात इतकी शांतता पसरली की सगळ्यांच्या घोरण्याचे सूर वेगवेगळे ओळखता येऊ लागले. माझ्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. शेजारच्यांचं डोकं हळूच उचलून पलीकडे कलतं करावं म्हणून मी एकदा हात वर नेलाही. पण झोपलेल्या माणसाचं डोकं हातात घेण्याइतकी आमची ओळख नव्हती. नावही माहीत नव्हतं. हात खाली घेतला.

उजाडताना त्यांचं स्टेशन आलं. गचका बसला तसे ते जागे झाले, चष्मा चाचपला, आणि माझ्या खांद्याकडे न बघता वरची बॅग काढायला उठले. दोन्ही हात ताणून एक सणसणीत आळस दिला.

“फार छान झोप लागली बघा,” ते म्हणाले, “आरामशीर आहे हो ही गाडी.”