नाशिकहून ऐरोलीच्या खारफुटीत: वार नव्हे, तिथी बघून निघा

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याची सवय असलेले पक्षीनिरीक्षक नवी मुंबईतल्या ऐरोलीला हमखास एक चूक करतात: उजाडता उजाडता पोहोचायची घाई. तिथे पहाट महत्त्वाची, इथे पाणी. ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर दूरवर पांगून चरतात. भरती चढू लागली की ते काठाकडे सरकतात आणि त्यांना पाहायला नेणाऱ्या बोटीलाही पाणी मिळते. ठार ओहोटीत बोट हलत नाही, पूर्ण भरतीत चिखलच बुडालेला असतो.

म्हणून कोकणातला जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. नाशिककर सकाळी निघून अकराच्या सुमारास पोहोचतो, त्यामुळे शुद्ध किंवा वद्य द्वितीया ते चतुर्थी सोयीची. पोहोचता तेव्हा पाणी चढतच असते. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, म्हणजे भर दुपारी नुसता चिखल. खाडीच्या आतल्या टोकाला भरती जरा उशिराच येते, ते धरून चाला. पक्ष्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. बोटीचे आरक्षण आधी करा आणि ती जिथून सुटते त्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राचा सुट्टीचा वारही तेव्हाच पाहून ठेवा.

गाडीने कसारा घाट उतरून भिवंडीच्या कोंडीत अडकण्यापेक्षा पंचवटी एक्सप्रेस बरी. कल्याणला उतरून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, पुढे रिक्षाने केंद्र.

बोटीनंतर झाडांना वेळ द्या. बहुतेक लोक इथेच घाई करतात. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे तिवराची. खाडीच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेते. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत पानावर त्याचे कण दिसतात. चिप्पीची श्वासमुळे जाड, बुडाशी रुंद. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबते. ते तोडू नका. गेव्याला तर हातच लावू नका, त्याचा चीक डोळ्यांना घातक.

झाड मरते कसे, तेही इथे नीट कळते. प्लास्टिकच्या पिशव्या श्वासमुळांना गुंडाळल्या की झाड गुदमरते. राडारोड्याचा भराव पडून भरती-ओहोटीची वाट बंद झाली की साचलेल्या पाण्यात मुळे बुडून राहतात आणि कुऱ्हाड न लावताच सगळा पट्टा वाळतो. माशांची, कोळंबीची पिल्ले याच मुळांत वाढतात, त्यामुळे पहिला फटका कोळीवाड्याला. शिवाय त्या चिखलात पालापाचोळा सावकाश कुजतो आणि कार्बन दीर्घकाळ गाडलेला राहतो. भराव टाकून नंतर दुसरीकडे रोपे लावली म्हणून तो साठा परत येत नाही.

सपाता नकोत, पट्ट्याच्या चपला किंवा जुने बूट घाला. टोपी हवीच, बोटीवर सावलीची खात्री नाही. भडक कपडे टाळा, दुर्बीण ८×४२ पुरते.

हे पाहून खारफुटीची गोडी लागली, तर पुढची फेरी गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला करा: आंध्रात काकिनाड्याजवळ, तिच्या मुखाशी कोरिंगाचे जंगल आहे.