चार फुटी ट्रेलरवाले एकत्र का जमतात?

मी छोट्या ट्रेलरमध्ये मुक्काम करते हे कळल्यावर लोक हमखास एक प्रश्न विचारतात. जेमतेम दोन माणसे आडवी होतील एवढा ट्रेलर गाडीमागे जोडून निघायचे ते गर्दीपासून दूर जाण्यासाठीच ना? मग तसलेच आणखी ट्रेलर जिथे जमणार आहेत, त्याच मैदानावर जाऊन का उतरायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला या ट्रेलरच्या रचनेतच सापडते.

पुढून गोलसर आणि मागे निमुळता होत जाणारा टीअरड्रॉप (अश्रूच्या थेंबासारखा) ट्रेलर १९३०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. तिथल्या मासिकांनी त्याचे आराखडे छापले (‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ने १९४७ मध्ये छापलेला आराखडा विशेष गाजला), आणि असंख्य हौशी माणसांनी तो घरीच, स्वतःच्या हातांनी बांधला. प्लायवूडचा अखंड तक्ता चार फूट बाय आठ फूट असतो, म्हणून कित्येक ट्रेलरांची जमीनही तेवढीच असते. आत फक्त बिछाना मावतो आणि उभे राहता येत नाही. स्वयंपाकघर असते मागच्या बाजूला, वर उघडणाऱ्या झाकणाखाली, आणि तिथे स्वयंपाक करणारा माणूस जमिनीवर, उघड्यावर उभा असतो. मोठ्या मोटारघरातला प्रवासी मुक्कामाला पोहोचल्यावर दार लावून आत बसू शकतो. आम्हाला ती सोयच नाही. झोपेची वेळ सोडली तर आमचे सगळे जगणे ट्रेलरबाहेर चालते, आणि असे दहा-पंधरा ट्रेलर शेजारी उभे राहिले की ओळखी करून देण्यासाठी कोणाला कार्यक्रम आखावा लागत नाही.

अशा मेळाव्यातला मला सर्वांत प्रिय भाग म्हणजे दुपारची फेरी. दारे आणि मागची झाकणे उघडी ठेवलेली असतात, आणि मोजपट्टी घेऊन कोणीही कोणाच्याही ट्रेलरमध्ये डोकावू शकते. झाकणाच्या बिजागरीपाशी पाणी कुठून शिरते, हे जाणण्यासाठी तीन निरनिराळ्या बिजागऱ्या हाताने उघडून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाण्याच्या रूपात जमते; म्हणून कोणी गादीखाली पट्ट्यांची चौकट घातलेली असते, तर कोणी छतातला झरोका थंडीतही थोडा उघडा ठेवण्याचा आग्रह धरतो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडदांड्यावर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर, यायला हवा. पाण्याची टाकी किंवा बॅटरी चाकांच्या फार मागे बसवली तर पुढचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खाऊ लागतो. हे वाचून माहीत असणारे पुष्कळ असतात, परंतु झोल खाणारा ट्रेलर ज्याने स्वतः सावरला आहे त्याच्याशेजारी उभे राहून ते ऐकले म्हणजे टाकीची जागा बदलण्याचा निर्णय तिथल्या तिथे होतो.

माझ्या मते अशा फेरीत अर्धवट बांधलेल्या ट्रेलरइतके मोलाचे काहीच नसते. त्याचा सांगाडा, वायरिंग आणि भिंतीच्या पोटातले उष्णतारोधक थर उघडे दिसतात. चकचकीत, पुरा झालेला ट्रेलर हे सारे झाकून टाकतो. म्हणूनच मेळाव्यात स्पर्धा आणि बक्षिसे आणावीत, ही सूचना मला मनापासून नकोशी वाटते, कारण मग अपुरे काम घेऊन येणारी माणसे संकोचतात आणि घरीच थांबतात.

नियम थोडेच असतात, पण ते काटेकोर असावेत. ट्रेलरच्या आत शेगडी पेटवायची नाही, कितीही पाऊस असला तरी नाही. ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि एवढ्याशा बंद जागेत तो फार लवकर साठतो. पाऊस आलाच तर ताडपत्री ताणून बाहेरच स्वयंपाक करावा. भिंती पातळ असल्यामुळे रात्री जनरेटर बंद ठेवावा. बाकी जेवणाखाण्याची देवाणघेवाण आपोआप होते.

ट्रेलर मागे घेण्याचा सराव करण्यासाठीही रिकामे मैदान आणि हाताने खुणा करणारा माणूस इथे मिळतो. लांबी कमी असल्यामुळे छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा झटकन वळतो, आणि नवख्याला सावरायला वेळच देत नाही.

स्वतःचा ट्रेलर बांधण्याचा विचार असेल, तर आधी अशा एखाद्या मेळाव्याला साधा तंबू घेऊन या. परवानगी घेऊन चार फुटी आणि पाच फुटी अशा दोन्ही ट्रेलरांत, सोबत झोपणाऱ्या व्यक्तीसह, दार लावून थोडा वेळ पडून पाहा. सांगाड्याची रुंदी ठरवायची ती त्यानंतरच.