थेंब डोळ्यात राहतच नव्हता

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी डोळ्यांचं प्रेशर मोजलं. उजव्यात 28, डाव्यात 26. साधारणपणे ते 10 ते 21 असतं. मग फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं त्याची तपासणी झाली आणि काचबिंदू निघाला. माझ्या आईची नजर याच दुखण्याने गेली. रिक्षात बसले तरी मला तिचा भिंत चाचपडणारा हात दिसत होता.

औषध सुटसुटीत होतं. लॅटानोप्रोस्ट, रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. पण माझा थेंब कधी पापणीवर, कधी गालावर. म्हणून मी दोन-दोन, तीन-तीन घालायचे आणि बाटली महिन्याच्या आतच संपायची. रात्री विसरले की दुसऱ्या दिवशी सकाळी आणि रात्री असं दोनदा घालून भरपाई करायचे. हे औषध दिवसातून एकदापेक्षा जास्त झालं तर उलट त्याचा गुण कमी होतो, हे मला माहीत नव्हतं. राहिलेला थेंब सोडून द्यायचा आणि पुढचा ठरल्या वेळी घालायचा.

प्रेशर 24 च्या खाली येईना. मग सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल हे थेंबांचं दुसरं औषधही सुरू झालं. आठवड्याभरात जिना चढताना छाती भरून यायला लागली. मला लहानपणी दमा होता, पण डोळ्याच्या औषधासाठी कशाला सांगायचं, म्हणून बोललेच नव्हते. सांगताच डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे बंद केलं. दमेकऱ्यांना टिमोलॉल चालत नाही. त्याऐवजी डॉर्झोलामाइड दिलं.

ते घातलं की घसा कडू व्हायचा. सिस्टरना विचारलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्रं असतात. तिथून पाणी नाकात आणि घशात उतरतं, औषधही त्याच वाटेने जातं आणि रक्तात मिसळतं. टिमोलॉल छातीपर्यंत पोचलं ते असं. शिवाय डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, वरचे सगळे वाहून जातात.

त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं. उताणं पडायचं, खालची पापणी ओढून खळगा करायचा, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडायचा. डोळा अलगद मिटायचा, उघडझाप नाही, आणि तो कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मी आधी रात्री दोन्ही पाठोपाठ घालून मोकळी व्हायचे. म्हणजे दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढत होतं!

दोन महिन्यांनी प्रेशर 16 आणि 15 भरलं. कडेची जेवढी नजर गेली ती परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहिते, चार आठवडे झाले की उरलेलं टाकून देते.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. धाकट्या भावाला काही त्रास नाही म्हणून तो तपासायला टाळत होता. मंगळवारी मी स्वतः त्याला घेऊन जाणार आहे.