आक्काची केमो आणि कपाटावरचा कागद

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे, सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे लाईनवर माणूस चढायच्या आधी परमिट निघतं. फिडर म्हणजे ती लाईन बंद, आयसोलेटर म्हणजे लाईन तोडणारा मोठा स्विच उघडा, अर्थिंग केलेलं, मग दोघांच्या सह्या. समोरचा लाईनमन वीस वर्षं ओळखीचा असला तरी नुसतं फोनवर ‘बंद आहे, चढ’ म्हणायचं नाही. त्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी अपघातानंतर आलेली असते, हे आम्हाला भरतीच्या पहिल्या आठवड्यातच सांगतात.

म्हणून आक्काच्या केमोआधी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “हे सगळं गाइडलाइनप्रमाणेच चाललंय,” तेव्हा मला बरं वाटलं आणि दाजींचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “म्हणजे सगळ्यांना एकच औषध? आपल्या माणसाकडं बघून नाही का देणार?” त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तेव्हा चौपन्नची. डाव्या स्तनात गाठ. ऑपरेशन झालं, काखेतल्या दोन गाठींतही आजार सापडला. तपासणीत ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. शब्द पाठ झाले, अर्थ हळूहळू कळला: गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी आहे आणि हर-टूवरची महागडी इंजेक्शनं हिला लागू नाहीत.

रिपोर्ट दाखवायला आम्ही परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. विजेच्या धंद्यातला माणूस म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं, रांगेत दाजींना दोनदा सांगितलं, त्यांनी दोन्ही वेळा ‘बरं’ म्हटलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं की केमो घराजवळ घेतली तरी चालेल, औषधं तीच असतील. मग नॅशनल कॅन्सर ग्रिड हा शब्द ऐकला. ग्रिड म्हणजे आमच्यासाठी २२० केव्हीच्या लाईनी. हे मात्र देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं, २०१२ पासूनचं. कुठल्या आजाराला काय द्यायचं हे त्यांनी मिळून लिहून ठेवलंय आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं.

रात्रपाळीत मी ते वाचलं. अमेरिकेतल्या एनसीसीएनचंही वाचलं. तिकडच्या मोठमोठ्या कॅन्सर केंद्रांची ही संघटना प्रत्येक शिफारशीपुढे १, २ए, २बी किंवा ३ असा शेरा लिहिते, म्हणजे पुरावा किती भक्कम आणि तज्ज्ञांचं एकमत किती. मला वाटलं होतं सगळीकडे १ असेल. बहुतेक ठिकाणी २ए आहे. सगळ्यांचं एकमत, पण पुरावा पहिल्या प्रतीचा नाही. हे इतकं उघडपणे लिहितात याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्या ग्रिडच्या पुस्तकात वेगळीच विभागणी आहे: किमान हे तर हवंच, जमेल तिथे हे सर्वांत चांगलं, आणि हे ऐच्छिक. दाजींना मी त्यातलं पहिलं वाचून दाखवलं. “म्हणजे गरिबालाही एवढं मिळालंच पायजे, असं लिवलंय,” ते म्हणाले. मला वाटतं त्यांना माझ्याआधी कळलं.

सगळ्यांना एकच औषध, पण मोजून. उंची आणि वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात, आक्काचं दीड चौरस मीटर. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, चौरस मीटरला ६० मिलीग्रॅम, म्हणजे तिला ९०. ते हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सोबत सायक्लोफॉस्फामाइड. तीन आठवड्यांनी एक, अशा चार. त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध, बारा वेळा. फाईल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवली. त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. केशरी रेशन कार्डावरच्या नावात एक वेलांटी चुकली होती, एवढंच सांगतो.

पहिल्या केमोनंतर आक्काला उलट्यांनी पार झोपवलं. चूक आमचीच. उलटी होऊ नये म्हणून चार औषधं होती, त्यात ओलान्झापिनची गोळी. भाच्याने मोबाईलवर नाव टाकलं आणि म्हणाला, ही स्किझोफ्रेनियाची. आक्का म्हणाली, “आरं, मला कॅन्सर झालाय, येड लागलं न्हाई.” गोळी डब्यातच राहिली. दुसऱ्या वेळी मी मॅडमना घाबरत घाबरत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. हीच गोळी मेंदूतल्या उलटीच्या जागेवरही काम करते आणि या केमोला ती देणं नियमातच आहे, असं त्यांनी आक्काला समजावलं. पूर्वी १० मिलीग्रॅम द्यायचे, त्यात माणूस दिवसभर झोपायचा. टाटाच्याच डॉक्टरांनी आपल्याकडच्या रुग्णांवर अभ्यास करून दाखवलं की अडीचमध्येही उलटी तितकीच थांबते आणि गुंगी कमी येते. मॅडमनी अडीच लिहून दिली. दुसऱ्या केमोनंतर तिसऱ्या दिवशी आक्का आमटी-भात जेवली. कोशिंबीरही मागितली. शेजारणीने कच्चं काहीच द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मॅडम म्हणाल्या, घरी स्वच्छ धुऊन, सोलून, ताजी करून द्या, कापून ठेवलेलं आणि बाहेरचं नको.

आता त्या रात्रीबद्दल.

केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरने मराठीत छापलेला एक कागद दिला होता. त्यातलं एक वाक्य मी जाड स्केचपेनने मोठं लिहून कपाटावर चिकटवलं होतं: ताप १००.४ किंवा जास्त, रात्र असली तरी यायचं, गोळी देऊन वाट बघायची नाही. मूळ नियमात ताप एकदा १०१ भरला किंवा तासभर १००.४ राहिला तर, असं आहे. घरच्या माणसाने घड्याळ लावून बसू नये म्हणून त्यांनी एकच आकडा ठेवला असावा. बरंच केलं.

दुसऱ्या केमोनंतरचा अकरावा दिवस. रात्री अकराला दाजींचा फोन, आक्काला थंडी वाजतेय. मी गेलो, थर्मामीटर लावला, १००.८. आक्का म्हणाली, “पहाटं बघू, लोकांना कशाला उठवतोस.” गावातल्याच एका छोट्या दवाखान्यात नेलं. रात्रीचे डॉक्टर म्हणाले, व्हायरल चालू आहे, पॅरासिटामॉल देतो, सकाळी रक्त बघू. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, “हे सगळ्यांनाच लिहून देतात हो.”

सगळ्यांनाच लिहून देतात म्हणून तर मी आलो होतो. पण वाद घातला नाही. शेजाऱ्याची गाडी काढली आणि पस्तीस किलोमीटरवर केमोच्या रुग्णालयात गेलो. वाटेत दोनदा वाटलं, आपण उगाच नाटक करतोय. आक्का मागच्या सीटवर तेच बोलत होती.

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न विचारला, केमो कधी झाली? अकरा दिवस म्हणताच सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. कल्चरसाठी, म्हणजे जंतू शोधायला, रक्त घेतलं आणि सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजायचा, रिपोर्ट यायची वाट न बघता सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. आल्यापासून तासाच्या आत पहिला डोस गेला पाहिजे, असं मी वाचलं होतं. सवयीने घड्याळ बघितलं, पंचवीस मिनिटं. मग रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी ९००, त्यातले जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल २०० पण नाहीत. पाचशेच्या खाली गेले की धोका. हे शिपाईच नसले तर पू होत नाही, सूज येत नाही, आतल्या जंतुसंसर्गाची खूण म्हणून बऱ्याचदा नुसता ताप येतो. तोही पॅरासिटामॉलने उतरवायचा म्हणजे अलार्म वाजतोय म्हणून त्याची वायर उपटण्यासारखं आहे. पाच दिवसांनी आक्का घरी आली. गावातल्या त्या डॉक्टरांवर मी बरेच दिवस चिडून होतो. आता वाटतं, हा कागद त्यांच्या टेबलावरही कुणीतरी ठेवायला हवा होता.

तिसरी केमो आठवडाभर पुढे गेली. त्यानंतर दर वेळी पेशी वाढवायची इंजेक्शनं, फिलग्रास्टिम. केमो संपल्यावर चोवीस तास जाऊ द्यायचे, मग पाच दिवस रोज एक. दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, गोठवायची नाहीत. मी ती थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता, टॉवेलात गुंडाळून एसटीने आणायचो. कंडक्टरने एकदा आइस्क्रीम आहे का विचारलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर टोचून द्यायच्या. कंबर फार दुखायची, हाडांच्या आत मज्जेत पेशी बनवायचं काम चालू असतं म्हणून. वेदनेची गोळी घ्यायची, पण आधी ताप मोजून.

पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या आठवड्यात बोटांत मुंग्या आल्या. आक्काला ते भाकरी थापताना कळलं: पीठ हाताला लागतंय की नाही तेच समजेना, भाकरी एका बाजूला जाड व्हायला लागली. मेडिकलवाल्याने ‘नसांची चांगली गोळी’ दिली. मॅडमनी पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, असेटिल-एल-कार्निटिन दिसलं आणि पेनने फुलीच मारली. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवर ते तपासलं तेव्हा मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या होत्या म्हणे. मुंग्या आधीच टाळता येतील असं खात्रीचं औषध नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि नवव्या आठवड्यापासून डोस कमी केला. दाजी घरी येताना म्हणाले, “बघ, आपल्या माणसाकडं बघून दिलं की.”

रेडिएशन झालं. आता रोज हार्मोन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची एक गोळी, निदान पाच वर्षं. ती हाडं ठिसूळ करते, म्हणून हाडांची घनता मोजायची तपासणी सांगितली आहे. गेल्या मंगळवारी गेलो तर मशीन बंद होतं, पुढच्या मंगळवारी बोलावलंय. भाकरी अजून एका बाजूला जाडच होते. कपाटावरचा कागद काढू का म्हणून विचारलं, तर आक्का म्हणाली, चिकटपट्टीबरोबर रंग निघंल, राहू दे.